खासनीसांचं इजिप्त

हॉलंडमधल्या त्या कालव्याकाठचा पाचवा किलोमीटर सरला तरी अंबरीश खासनीस प्राध्यापकबाईंच्या कुत्र्यापाशीच अडकले होते.

"म्हणजे बघा सुनीतीताई, मी आपल्या बेस्ट गावाहून गाड्या बदलत बदलत लायडनला गेलो, आणि बाईंनी खुर्ची दिली कुत्र्याला. मला स्टूल."

"कुत्रा म्हातारा असेल," सुनीती म्हणाली.

"मग मी काय तरुण आहे?"

समोरून सायकलवाल्यांची एक रांग घंटी वाजवत आली, तशी सुनीती कडेच्या गवतात सरकली. खासनीस मात्र मध्येच चालत राहिले आणि वर "काय घाई असते यांना," असं मराठीतून पुटपुटले. बातमी जितकी कडू, तितकं यांचं गुऱ्हाळ लांब, हे सुनीतीला पक्कं ठाऊक होतं. आपल्या इजिप्तवरच्या कादंबरीतसुद्धा राजाला पडसं झालं हे सांगायला त्यांनी नाईलच्या महापुरापासून सुरुवात केली होती.

खासनीस मूळचे सांगलीचे. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी फाडफाड आणि मराठी ऱ्हस्व-दीर्घापाशी ठेचकाळणारं. चाळिशीच्या आत इकडे आले, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं एकाच नळीच्या एकाच झडपेची राखण केली आणि साठीला बाहेर पडले. नाइलाजाने बाहेर पडले म्हणणं जास्त खरं. पण ते स्वतः "लेखनासाठी निवृत्ती घेतली" असं सांगत. आयुष्यात एकदा, आठ दिवस, ते इजिप्तला जाऊन आले होते. त्यातले पाच दिवस पोट बिघडून बोटीच्या खोलीत काढले. उरलेल्या तीन दिवसांवर त्यांनी अकरा वर्षांत सहाशे चाळीस पानं लिहिली, आणि मनोगतात लिहिलं, "प्रत्यक्ष भ्रमण व सखोल संशोधन यांवर आधारित."

घरी त्यांनी रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत बागकामाच्या दुकानातून आणलेला प्लास्टरचा फॅरो बसवला होता. त्याच्या गळ्यात गणपतीत माळ घालत आणि दिवाळीत त्याच्यासमोर पणती लावत. सुनीतीला ते पाहून कसंतरी व्हायचं. देवाला देवाची जागा असते आणि शोभेच्या वस्तूला शोभेची. एवढं ज्याला कळत नाही तो तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा धर्म काय सांगणार? त्यांची बायको मृणालिनी सकाळच्या गाडीने अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास भागातल्या ऑफिसात जाई ती दिवेलागणीला परते. नवऱ्याची कादंबरी तिने वाचली नव्हती, हे तिच्या शहाणपणाचंच लक्षण. मुलगी वैदेही बापाच्या मराठीला डचमध्ये उत्तर देई आणि त्यांच्या लिहायच्या खोलीला सरळ "थडगं" म्हणे.

सुनीती यात पडली ती शुद्धलेखनामुळे. तिची शाळा कराडची, नगरपालिकेची, मराठी माध्यमाची. वेलांटी चुकली की बाई छडी मारत, त्यामुळे वेलांटी हाडात बसली होती. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाची प्रुफं ती तपासायची, ते पाहून खासनीसांनी आपलं बाड तिच्या गळ्यात घातलं. त्यांना साखरेसाठी हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, रोज चालायला सांगितलं होतं, तेव्हा एका दगडात दोन पक्षी म्हणून एकाआड एक रविवारी ती दोघं कालव्याकाठाने ओर्सखॉट गावापर्यंत चालत जात आणि वाटेत सुनीती चुका सांगे. "तुला यातून मिळतं काय?" असं तिचा नवरा अजित विचारी. मिळत काहीच नव्हतं. पण इथे आठवडा आठवडा मराठीचा कागद हाताला लागत नाही. भुकेल्या माणसाने शिळी भाकरी खावी तशी ती पानं वाचत होती.

"कुत्रं राहू द्या," ती शेवटी म्हणाली. "बाई काय म्हणाल्या ते सांगा. प्रस्तावना देतात का नाही?"

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. पुण्याचा प्रकाशक कादंबरी छापायला तयार होता, पण संशोधनाच्या मालिकेत छापायची तर सुरुवातीला प्रस्तावनेदाखल एखाद्या जाणकाराचं पत्र हवं, म्हणून अडून बसला होता. मंगळवारपर्यंत पत्र आलं नाही तर ती जागा दुसऱ्या पुस्तकाला जाणार होती. आणि खासनीसांनी तर अक्षय्य तृतीयेला प्रकाशन म्हणून मंडळाचा हॉल सांगून ठेवला होता, सांगलीहून भावाला बोलावलं होतं. म्हणून ते लायडनच्या या निवृत्त प्राध्यापकबाईंकडे इंग्रजी सारांश घेऊन गेले होते. बाईंनी चाळीस वर्षं इजिप्तच्या थडग्यांवरची चित्रलिपी वाचण्यात घालवली होती.

खासनीसांनी नाक शिंकरलं. "बाई म्हणतात, कथानक उभंच राहत नाही."

"का?"

"तुम्हाला कथानक माहीतच आहे."

ते तिला पाठच झालं होतं. थीब्ज नगरातला राजलेखनिकाचा मुलगा, आणि प्रेतांच्या ममी करणाऱ्या माणसाची मुलगी. दोघांचं प्रेम. पण प्रेताला हात लावणारी जात. त्यांची वस्ती वेशीबाहेर. बाप गावात यायचा झाला तर आधी खोकून वर्दी देणार, बाया वाळवण आत ओढणार, त्याच्या सावलीवर पाणी शिंपडणार. लेखनिकाचं घर लग्नाला नाही म्हणतं आणि पोरगी नाईलमध्ये उडी घेते. हे सगळं सहाशे चाळीस पानांत.

"बाई म्हणतात," खासनीसांनी आवाज बारीक करून बाईंची नक्कल केली, "ममी करणारे पुजारी होते. मुख्य माणूस कोल्ह्याच्या तोंडाच्या देवाचं काम करायचा, त्याला 'रहस्यांचा अधिकारी' अशी पदवी असायची. मंत्र म्हणायला वेगळा पुजारी. हाताखालच्या बारक्या माणसांबद्दल आम्हाला फार ठाऊक नाही, म्हणतात. पण तुम्ही लिहिलाय तसला विटाळ कुठल्या भिंतीवर नाही आणि कुठल्या कागदावर नाही. अशा घरची मुलगी मिळाली असती तर लेखनिकाने आनंदाने करून घेतली असती."

सुनीतीला हसू आवरलं नाही. "म्हणजे पहिल्या प्रकरणातच लग्न!"

"हसता काय? मी त्यांना सांगितलं, एका ग्रीक माणसाने लिहून ठेवलंय, प्रेताला पहिली चीर देणाऱ्याला लोक दगड मारून पळवायचे म्हणून."

"मग?"

"तर म्हणतात, तो ग्रीक पार शेवटच्या काळातला, तुमच्या कथेनंतर हजारेक वर्षांनी आला. आणि त्याच पानावर पुढे त्याने लिहिलंय की ममी करणाऱ्यांना मोठा मान होता, देवळात मुक्त प्रवेश होता. ती ओळ तुम्ही वाचली नाही का?"

"वाचली नव्हती?"

"इंटरनेटवर तेवढाच तुकडा होता," खासनीस गुरगुरले. मग थोडं चालून म्हणाले, "आणि शेवटी काय विचारावं बाईंनी? हे गाव तुम्हाला सापडलं कुठे?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, विविध साधनांतून."

सुनीती थांबली. कालव्यातून एक मालवाहू बोट संथ जात होती, तिच्या काचेमागे एक बाई भांडी विसळत होती. बोट पुढे जाईपर्यंत ती उभी राहिली आणि मग म्हणाली, "कराडातून, असं सांगायचं होतं, खासनीससाहेब. मसणवटीतल्या दत्ताकडून."

दत्ता म्हणजे तिचा बाप. नगरपालिकेच्या स्मशानात तो तीस वर्षं नोकरीला होता. सरण रचायचा, कुणी नसलेल्यांना स्वतः आंघोळ घालायचा. गल्लीच्या तोंडाशी आला की खोकायचा, कारण बाया पापड वाळत घालून बसलेल्या असत आणि त्याची सावली पडली की सगळे पापड टाकून देत. चहाच्या टपरीवर त्याचा कप कौलाच्या फटीत वेगळा खोचलेला असे. घरी आला की विहिरीवर आंघोळ करी, देवापुढे दिवा लावी आणि मगच लेकीला जवळ घेई. हे सगळं चार वर्षांपूर्वी याच वाटेवर खासनीसांनी तिला विचारलं होतं. अगदी गोड आवाजात, खोदून खोदून. "ताई, खोकला कसा? एकदा का दोनदा?" तिला वाटलं होतं, एवढा शिकलेला माणूस आपल्या बापाची विचारपूस करतोय.

मग चौदावं प्रकरण तपासायला आलं. त्यात दत्ता होता. तागाचं पांढरं वस्त्र नेसलेला, टक्कल केलेला, नाव कसलंसं इजिप्शियन. पण खोकला तोच, दोनदा. तिने पेन्सिलीने समासात लिहिलं होतं, "हे तिकडचं आहे का?" त्यावर खासनीस म्हणाले होते, "ताई, तुम्ही वेलांट्या बघा. इतिहास माझ्याकडे." तिनेही मग सोडून दिलं. तिकडे असेलही तसं, ती कोण सांगणार? जगात सगळीकडे असंच असेल, असंच तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

इथे आल्यावर तिचं तिलाच वेगळं दिसलं, ती गोष्ट निराळी. ती बेस्टच्या वृद्धाश्रमात कामाला होती. तिथे कुणी गेलं की शेवटची आंघोळ घालायचं काम पुष्कळदा तिच्याकडे येई. ती मनात रामनाम घेत, देवाला न्हाऊ घालावं तशा हलक्या हाताने ते करी, केस विंचरी, बटणं लावी. घरची माणसं तिचे दोन्ही हात हातात धरून आभार मानत. पहिल्यांदा एका डच म्हातारीच्या मुलाने तसे हात धरले तेव्हा ती दचकून मागे सरली होती. याच कामाबद्दल समजल्यापासून मंडळात खासनीस तिच्या हातचा प्रसाद कागदी रुमालात घेत. तिने ते पाहिलं होतं. बोलली नव्हती, एवढंच.

"म्हणजे," सुनीती आता म्हणाली, "त्या देशात माझ्या बापाला पुजारी केलं असतं. देवळात मान दिला असता. आणि तुम्ही त्याला तीन हजार वर्षं मागे नेलंत, समुद्र ओलांडून नेलंत, आणि तिथेसुद्धा वेशीबाहेर बसवलंत."

"अहो, ते पात्र आहे. भावनेवर घेऊ नका."

"भावनेवर नाही. अकलेवर घेतेय. दुसऱ्याच्या देशात जाताना माणूस चपला बाहेर काढतो. तुम्ही आपलं सोवळं-ओवळं नेसूनच आत शिरलात, आणि म्हणे संशोधन!"

खासनीस लालबुंद झाले. रागावले की त्यांची चाल वाढे. आताही ते तरातरा वीसेक पावलं पुढे गेले. पण पुढे जाऊन कुणाशी बोलणार? वाटेवर दोन बदकं होती फक्त. बाकासमोर ते थांबले, बसले, गुडघे चोळू लागले. सुनीती सावकाश येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"बदला ना मग," ती म्हणाली. "अजून छापलं कुठेय? लावून द्या लग्न."

"आणि सहाशे चाळीस पानांचं काय करू?"

"नाईलमध्ये सोडा. पोरगी उडी मारणारच आहे, तिच्याऐवजी पानं जाऊ देत."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. मंगळवारी ती जागा जाणार. भावाने तिकीट काढलंय. मंडळात सगळ्यांना सांगून बसलोय. अकरा वर्षं हो! नोकरीत माझं नाव कधी कुठल्या यंत्रावर लागलं नाही. एक पुस्तक निघू दे म्हणतोय, तर ती बाई..." त्यांचा आवाज चिरकला. सुनीतीला क्षणभर कीव आली. माणूस पोकळ होता, पण पोकळ भांड्यालाही फुटायची भीती असतेच. ती म्हणाली, "नुसती कादंबरी म्हणून छापा. संशोधन हा शब्द खोडा. बाई तर तेवढंच म्हणतायत."

"नुसती कादंबरी कोण विचारतं?" असं म्हणून खासनीस पाण्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडू लागलं. ते जवळ सरकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून तिच्या बाजूला सरकले. आवाज पुन्हा तोच, खोकला एकदा का दोनदा विचारतानाचा.

"ताई, प्रकाशकाला जाणकाराचं पत्र हवंय. प्राध्यापकाचंच हवं, असं कुठे म्हणालाय तो? जाणकार म्हणजे कोण? ज्याला अनुभव आहे तो. त्या बाईंनी भिंती वाचल्या असतील. तुमच्या घरात या कामात पिढी गेलीय. वडिलांनी ते काम केलं, तुम्ही करता आहात. तुम्ही द्या पत्र. लिहा की प्रेताला हात लावणाऱ्याला माणसं लांबच ठेवतात, कुठल्याही देशात, कुठल्याही काळात. खासनीसांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. आणि खाली नाव घालताना वडिलांचंही पूर्ण घाला, काम काय होतं त्यासकट. एवढं माझ्यासाठी कराच. आजच द्याल का लिहून?"