वीज गेल्याचा नंबर

उद्यमनगरातल्या त्या कंपनीत मी लागले तेव्हा तिथे पाच माणसं होती आणि त्यातला एकजण बेंगळुरूला जायला निघाला होता. त्याच्या जागी मला घेतलं. दोन हजार तीन किंवा चार साल असेल. मालकांना सगळे साहेब म्हणायचे. साहेबांनी मुलाखतीत दोनच प्रश्न विचारले: सी भाषा नीट येते का, आणि काजळीचा त्रास होतो का. मी पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला नाही. दुसरं उत्तर खरं होतं.

आम्ही भट्ट्यांचे कंट्रोलर बनवायचो. फाउंड्रीत ओतलेलं कास्टिंग नंतर वेगळ्या भट्टीत ठेवतात, सावकाश तापवतात, काही तास एकाच तापमानाला धरतात आणि सावकाश थंड करतात. हे तास आणि हे तापमान सांभाळणारा लोखंडी डबा म्हणजे आमचा कंट्रोलर. डब्यात एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड असायचा, त्यावर लिनक्स, आणि लिनक्सवर आमचा प्रोग्राम. प्रोग्रामच्या खाली सी भाषेची एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, होती. ती आम्ही केलेली नव्हती. परदेशातली काही माणसं ती फुकट बनवून इंटरनेटवर ठेवायची, आणि बेंगळुरूला गेलेल्या गृहस्थांनी ती उतरवून घेऊन आमच्या बोर्डांसाठी जरा ठोकून-ठाकून घेतली होती.

ठोकण्याची त्यांची एक पद्धत होती. नवीन बोर्ड आला की जुन्याचं अख्खं फोल्डर कॉपी करायचं आणि जिथे अडेल तिथे बदलायचं. मी आले तेव्हा दोन तऱ्हेचे बोर्ड बाजारात होते, तिसरा येऊन टेबलावर पडला होता, आणि सिग्नलच्या हेडर फाइलच्या तीन प्रती झाल्या होत्या.

सिग्नल म्हणजे काय ते सांगायला हवं. चालू असलेल्या प्रोग्रामला सिस्टीम मधेच हाक मारते: थांब, बंद हो, वेळ झाली, वीज चालली. प्रत्येक हाकेला एक नाव असतं आणि एक नंबर. प्रोग्राम लिहिणारा नाव लिहितो, सिस्टीमला फक्त नंबर कळतो. कुठल्या नावाचा कुठला नंबर, ही यादी हेडर फाइलमध्ये असते. नावं सगळीकडे सारखी, पण नंबर प्रोसेसर बदलला की काही ठिकाणी बदलतात. का बदलतात याला फार जुनी कारणं आहेत आणि ती कुणालाही पटत नाहीत.

तीन प्रतींतला नव्वद टक्के मजकूर एकच होता. एका प्रतीत दुरुस्त केलेली चूक बाकीच्या दोन प्रतींत तशीच होती. मी साहेबांना सांगितलं की हे सगळं नीट लावायला पाहिजे. जे सगळ्यांचं एक आहे ते एका फाइलमध्ये, आणि ज्याचं जे वेगळं तेवढंच त्याच्या छोट्या फाइलमध्ये. साहेबांनी विचारलं, आत्ता चालतंय का? मी म्हटलं, चालतंय. ते म्हणाले, मग?  शेवटी चौथा बोर्ड येणार आहे आणि त्याची चौथी प्रत करावी लागेल, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी आठ दिवस दिले.

ऑफिसात टेबलं लहान होती, म्हणून तिन्ही याद्यांचे प्रिंट काढून मी रविवारी घरी नेले. आमचं घर गडमुडशिंगीत. बाहेरच्या खोलीत तिन्ही कागद शेजारी शेजारी पसरले आणि लाल पेन्सिलीनं एकेक ओळ जुळवत बसले. आई गहू निवडत होती. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “काय हरवलंय?” मी म्हटलं, काही हरवलं नाही, सारखं सारखं एका बाजूला काढतेय. ती म्हणाली, “मग खडं कंचं?” मी तिला लाल खुणा दाखवल्या. तिसऱ्या बोर्डाच्या यादीत त्या पुष्कळ होत्या. तिनं मान हलवली आणि आपलं सूप पुढं ओढलं. तेवढी चर्चा या विषयावर मला पुढे कुठल्याच इंजिनिअरबरोबर करता आली नाही.

सोमवारी बदल सुरू केले. सगळ्यांची एक फाइल तयार केली, त्यात नेहमीचे नंबर. तिसऱ्या बोर्डासाठी छोटी फाइल केली, त्यात फक्त त्याचे वेगळे नंबर. आधी मोठी वाचायची, मग छोटी, म्हणजे छोटीतले नंबर मोठीतल्यांना बाजूला सारतील. छोटी फाइल कोऱ्या पानावरून लिहायचा कंटाळा आला म्हणून मोठीचीच कॉपी केली आणि नको ते पुसून टाकलं.

तिन्ही बोर्डांवर प्रोग्राम चढवला. बंद करून पाहिला, बंद झाला. गजर लावून पाहिला, वाजला. कीबोर्डवरून थांबवला, थांबला. सातव्या दिवशी साहेबांना म्हटलं, झालं. त्यांनी विचारलं, आता काय वेगळं दिसेल? मी म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, “आठ दिवस काहीच वेगळं न दिसण्यासाठी.” हे ते रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खात्री करून घ्यायची होती.

तिसऱ्या बोर्डाचे कंट्रोलर पाच ठिकाणी गेले.

उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं. रोज काही तास लाईट जायची. आमच्या कंट्रोलरमध्ये याची सोय होती. लाईट गेली की आतल्या छोट्या बॅटरीवर डबा काही सेकंद जिवंत राहायचा. बोर्डासोबत आलेला एक पहारेकरी प्रोग्राम आमच्या प्रोग्रामला सिग्नल द्यायचा की वीज गेली, आणि आमचा प्रोग्राम तेवढ्यात किती तास झाले, तापमान किती, हे लिहून ठेवायचा. लाईट आली की तिथून पुढे सुरू.

कागल रस्त्याच्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमधून फोन आला की नवीन मशीन विसरतंय. साहेबांनी मला पाठवलं.

तिथला फोरमन पन्नाशी ओलांडलेला, अंगानं बारीक, डोळे कायम अर्धे मिटलेले. आयुष्यभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहिल्यामुळे असेल. दोन भट्ट्या शेजारी होत्या. एकीवर आमचा जुना कंट्रोलर, दुसरीवर नवा. पाचव्या तासाला लाईट गेली तर जुना परत पाचव्या तासापासून सुरू व्हायचा आणि नवा पहिल्यापासून. माल जास्त वेळ भट्टीत राहून मऊ पडत होता. मी ऐकून घेतलं आणि वायरिंग तपासायला लागले. वायरिंगमध्ये काहीतरी सापडतंच. एक स्क्रू ढिला होता, तो आवळला.

चहा आला तेव्हा त्यानं विचारलं, गाव कंचं. मी सांगितलं. “मुडशिंगीत कुठं?” मी म्हटलं, बुद्धविहाराजवळ. हा प्रश्न मला नवीन नव्हता, तो कशासाठी विचारतात तेही नव्हतं. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाला, “म्हंजी बस वळती तिथनं लांब पडतंय की तुमाला.” मी म्हटलं, दहा मिनिटं. तो विषय तिथेच संपला.

चार दिवसांनी परत फोन. परत गेले. या वेळी अर्थिंग तपासलं, बॅटरी बदलली. साहेबांनी विचारल्यावर मी सांगितलं की त्या शेडमधली लाईनच खराब आहे. हे बोलताना मला त्याची पूर्ण खात्री होती. हेडर फाइल माझ्या मनातसुद्धा आली नाही. ते काम चांगलं झालेलं होतं.

तिसऱ्या वेळी गेले तेव्हा फोरमननं मला वायरींना हात लावू दिला नाही. म्हणाला, आधी हिकडं या. दोन्ही भट्ट्या रिकाम्या होत्या. त्यानं मला जुन्या डब्याला कान लावायला सांगितलं आणि स्वतः जाऊन मेन स्विच पाडला. शेडमधले पंखे थांबले. डब्यात आतून बारीकसं ‘टक’ झालं. मग स्विच लावला, मला नव्या डब्याजवळ उभं केलं आणि परत पाडला. मी कान लावून उभी राहिले. काही झालं नाही.

“जुनी, लाईट गेल्यावर एकदा टक करती,” तो म्हणाला. “नवी करत न्हाय. तारंचं न्हाय हे, म्याडम. लाईट गेलेली तिला कळतच न्हाय.”

ते टक म्हणजे आमचा रिले, भट्टीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच. आठवण लिहून झाली की प्रोग्राम शेवटचं काम म्हणून भट्टीचा रिले सोडायचा, ती ओळ मीच कितीतरी वेळा वाचली होती. त्याचा आवाज होतो हे मला ठाऊक नव्हतं.

बसमध्ये बसल्यावर पहिल्यांदा हेडर फाइल आठवली. ऑफिसात पोचून मी आधी पाणी प्यायले, मग नव्या बोर्डावर प्रोग्रामकडूनच विचारून घेतलं की वीज गेल्याच्या सिग्नलचा नंबर तुझ्या मते किती. तीस, असं उत्तर आलं. जुन्या बोर्डांवर तीस बरोबर आहे. नव्या प्रोसेसरवर तो नंबर एकोणीस. पहारेकरी इमानानं एकोणीस नंबरची हाक मारत होता, आमचा प्रोग्राम तिसाची वाट बघत होता. ज्या हाकेची काही तयारीच केलेली नाही ती आली की प्रोग्राम जागेवर मरतो. तसा तो रोज मरत होता.

छोटी फाइल उघडली. तिच्यात एकोणीस नीट लिहिलेलं होतं. म्हणजे ती वाचलीच जात नव्हती. कारण सापडायला अर्धा तास लागला. प्रत्येक हेडर फाइलच्या डोक्यावर तिचं एक खुणेचं नाव असतं आणि अशी ओळ असते की हे नाव आधी दिसलं असेल तर मला परत वाचू नका. मी मोठीची कॉपी करून छोटी बनवली होती आणि डोक्यावरचं नाव बदलायला विसरले होते. फाइली वाचून प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपायलरला वाटलं, ही तर वाचून झाली. त्यानं ती मुकाट्यानं सोडून दिली. बंद होणं, गजर, कीबोर्डवरून थांबवणं, या तिन्हींचे नंबर योगायोगानं सगळ्या प्रोसेसरवर सारखेच आहेत, म्हणून माझ्या तपासणीत सगळं उत्तम दिसलं. वीज घालवून मी पाहिलंच नव्हतं. आता आमच्याही ऑफिसात वीज रोज जात होती.

नाव बदललं. एक मिनिटाचं काम होतं.

साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, हे बेंगळुरूवाल्याच्या वेळचं का? तसं म्हणायला फार सोपं होतं. तो येऊन खुलासा करणार नव्हता. मी म्हटलं, नाही, माझं.

“त्याच्या तीन प्रतींत ही चूक नव्हती?”

“नव्हती. त्याचं चालत होतं.”

 मला वाटलं, साहेब आता घरी जायला सांगतील. ते म्हणाले, बाकीच्या चार ठिकाणी फोन मी करतो, फोरमनला तू जाऊन सांग. फोनवर नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्रोग्राम घेऊन गेले. फोरमनला सांगितलं की लाईन चांगली आहे, बॅटरीही चांगली होती, चूक माझ्या लिहिण्यातली. तो म्हणाला, “मोठी व्हती?” मी म्हटलं, एका नावाची.  तो म्हणाला, खराब माल मागं टाकलाय, बघून या.

शेडच्या मागे पंपाच्या बॉड्यांचा ढीग होता. बाहेरून त्यांना काहीच झालेलं दिसत नव्हतं. मी एकीवर हात ठेवला. उन्हानं तापली होती.  रडू आलं नाही, पण हात तिथून काढवेना. या सगळ्या पुन्हा वितळवणार, एवढं कुणीतरी जाता जाता सांगितलं.

आत येऊन प्रोग्राम चढवला. फोरमननं स्वतः डब्याला कान लावला आणि मला स्विच पाडायला सांगितलं. मी पाडला. तो तसाच वाकून राहिला. मग हात वर करून म्हणाला, परत. मी परत पाडला. असं त्यानं सात वेळा करायला लावलं. मधेच शेडच्या मालकानं दारातून ओरडून विचारलं की लाईट गेली काय. फोरमन म्हणाला, “न्हाय, आमी घालवतोय.”

सातव्यांदा तो सरळ उभा राहिला आणि भट्टी भरायला माणसं बोलवली.

त्यानंतर आमच्याकडे कुठलाही कंट्रोलर बाहेर जायच्या आधी वीज घालवून बघायचा नियम झाला, आणि कान लावायचं काम माझ्याकडे आलं. फाइलींची नवीन मांडणी मात्र तशीच राहिली. चौथा बोर्ड आला तेव्हा त्याची छोटी फाइल बावीस ओळींची झाली. ती मी कोऱ्या पानावरून लिहिली.

ही मांडणी मी त्या परदेशी लायब्ररीवाल्यांना मेलनं पाठवून दिली, कारण तीच अडगळ त्यांच्याकडेही होती. तिकडून उत्तर आलं की एवढं एकदम घेता येत नाही, पाच तुकडे करा. पाच केले. मग आलं की तिसरा तुकडा दुसऱ्याच्या आधी पाहिजे. तसं केलं. मग दोन महिने काही आलं नाही. ऑफिसातला फोन मोडेमला जोडला की साहेबांचे फोन अडायचे, म्हणून मेल बघायला जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं ठरली होती. अशाच एका दुपारी उत्तर आलं. त्याचा प्रिंट काढून घरी नेला.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा लावून कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. इंग्रजी होतं, त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: घेतलं. धन्यवाद.

“आणि?” आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, एवढंच आहे. खाली पाठवणाऱ्याचं नाव आहे.

आप्पांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या डिग्रीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवून दिला.