देवयानीची हलकी मॅग्नम

"बाईंना ही जमेल," असं म्हणून विक्रेत्यानं काउंटरवर जी रायफल ठेवली, ती शाळकरी पोरांसाठी बनवलेली होती. शिवाय हे तो बोलला प्रतापशी. देवयानी शेजारीच उभी होती, रायफल तिला हवी होती, आणि सगळे प्रश्न तिनेच विचारले होते. तरी उत्तरं नवऱ्याला मिळत होती.

"मी मॅग्नम मागितली, जोरदार गोळीची," देवयानी म्हणाली.

"मॅडम, मॅग्नमचा धक्का तुम्हाला आडवं करेल."

"आडवी होईन की काय ते मी बघते. हलकी हवी, नेम पक्का हवा, आणि आमच्या खिशाला झेपेल अशी हवी. आहे का?"

विक्रेता हसला. "हलकी, अचूक आणि स्वस्त. तिन्हीतल्या दोन निवडा."

देवयानीनं पोरांची रायफल त्याच्याकडे सरकवली आणि ती दुकानातून बाहेर पडली. गाडीत बसल्यावर प्रताप सुटल्यासारखा म्हणाला, "चला, प्रयत्न तर केलास."

"हे पहिलं दुकान होतं," ती म्हणाली.

२००४ सालची ही गोष्ट. देवयानी इंगवले तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, पाच फुटांना जेमतेम टेकलेली, अमेरिकेतल्या बॉथेलच्या एका बायोटेक कंपनीत प्रयोगशाळा सांभाळणारी बाई. तिथल्या मराठी मंडळात ती मोदकांसाठी प्रसिद्ध होती. कोल्हापूरच्या कॉलेजात असताना ती एनसीसीत छोट्या गोळीच्या पॉइंट टू-टू रायफलनं राज्यभरातल्या पोरींना मागे टाकायची, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. पालथं पडायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि चाप असा दाबायचा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. दिल्लीच्या कॅम्पसाठी तिची निवड झाली त्याच महिन्यात लग्न ठरलं. सासरचं कुणी नको म्हणालं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मग अमेरिका, नोकरी, लेक सावनीचा जन्म. तीस वर्षं रायफलीला हात लागला नाही.

तो लागला लिंडामुळे. लिंडा तिच्याच प्रयोगशाळेत होती. पर्वतरांगेपलीकडच्या एलेन्सबर्गची, शेतकऱ्याची मुलगी. दरवर्षी ती एल्कच्या शिकारीला जायची. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचा, पण घोड्याएवढा प्राणी. एकदा जेवणाच्या सुट्टीत नेमबाजीचा विषय निघाला, आणि आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत देवयानी लिंडाच्या वडिलांची जुनी रायफल खांद्याला लावून डोंगर चढत होती.

ती रायफल धोंड्यासारखी जड होती. चढ उभा, पायाखाली सुटे दगड. माथ्यावर पोचली तेव्हा समोरच्या उतारावर एल्क उभा होता, पण देवयानीचे हात इतके थरथरत होते की रायफलीवरच्या दुर्बिणीतलं चित्र आकाशापासून दरीपर्यंत नाचत होतं. तिनं चापावरचं बोट काढून घेतलं.

"का नाही मारलास?" लिंडानं विचारलं.

"जखमी होऊन पळाला असता."

खाली उतरताना देवयानीनं ठरवलं होतं, पुढच्या वर्षी स्वतःची रायफल. डोंगर चढवेल इतकी हलकी. आणि दरीपलीकडचा एवढा मोठा जीव एका गोळीत, तडफडू न देता पडेल इतक्या ताकदीची.

खरी लढाई पुढे घरीच होती. प्रताप जवळच्या बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये होता. स्वभावानं शांत. पण २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर विमानतळावर दोनदा त्याला बाजूला काढून बसवलं होतं, आणि तेव्हापासून तो दाढीसुद्धा वाढू द्यायचा नाही.

"आपल्यासारख्या माणसांनी, या दिवसांत, बंदूक घेऊन फिरायचं?" पहिल्या दुकानातून परतल्यावर तो म्हणाला. "कुणी पोलिसांना फोन केला तर?"

"आपल्यासारख्या म्हणजे कशा?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"कळतंय. म्हणूनच विचारते. मी इथली नागरिक आहे, प्रताप. टॅक्स भरते, मत देते. लिंडा जे करते ते सगळं मी करू शकते, असं शपथ देताना जजनंच सांगितलं होतं. तो खोटं बोलला असेल तर मला एकदा कळू दे."

पुढच्या शनिवारी एलेन्सबर्गला जायला गाडी प्रतापनंच काढली.

तिथलं दुकान लहान होतं. म्हाताऱ्या मालकानं आधी एकच प्रश्न विचारला, "कशासाठी हवी?" आणि विचारला तिला. देवयानीनं डोंगर सांगितला, एल्क सांगितला, थरथरणारे हात सांगितले. त्यानं मागच्या मांडणीतून चार रायफली काढून ठेवल्या आणि तो बाजूला झाला.

देवयानीनं घाई केली नाही. अक्रोडाच्या लाकडाची पहिली इतकी देखणी होती की प्रतापनंही हात फिरवला, पण उचलताच मागच्या वर्षीचा चढ आठवला. दुसरी पिसासारखी, पण किंमत ऐकून तिनं ती अलगद खाली ठेवली. तिसरी स्वस्त आणि हलकी. तिनं रिकाम्या रायफलीचा चाप दाबून पाहिला. तो वाळूतून ओढल्यासारखा अडखळत मागे आला.

"याच्यानं नेम लागायचा नाही," ती म्हणाली.

चौथी फिनलंडची. काळा फायबरचा दस्ता, बारीक पोलादी नळी, दिसायला अगदीच साधी. गोळी आत सरकवायचा बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा मागेपुढे झाला. चाप काचेची काडी मोडावी तसा सुटला. देवयानीनं नळी आणि दस्त्याच्या फटीतून कागदाचा तुकडा सरकवून पाहिला. तो कुठेही अडला नाही. म्हणजे नळी मोकळी होती, तापली तरी दस्ता तिला ढकलणार नव्हता.

"थ्री हंड्रेड मॅग्नममध्ये देऊ की सात एम.एम. मॅग्नममध्ये?" मालकानं गोळीचं माप विचारलं. पहिली जास्त दांडगी होती.

"सात. एल्कला पुरते, आणि माझ्या खांद्याला थोडी दया दाखवते."

"थोडीच," म्हातारा म्हणाला. "हलक्या रायफलीत मॅग्नम म्हणजे खेचराची लाथ. खोटं सांगत नाही."

दस्ता तिच्या हाताला लांब होता. मालकानं तो कापून आखूड केला आणि मागे जाड रबरी गादी बसवून दिली. दुर्बीण तिनं मध्यम दर्जाची, पण भक्कम निवडली.

लाथ खरीच होती. नेमबाजीच्या मैदानावर पहिल्याच गोळीला देवयानीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या वेळी तिला जाणवलं की आपण धक्क्याच्या भीतीनं आधीच डोळे मिटतोय. तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिनं नळी थंड होऊ दिली, पालथी पडली आणि कॉलेजातल्यासारखा श्वास अर्धा सोडला. त्यानंतरच्या तीन गोळ्या शंभर यार्डांवर एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ लागल्या. शेजारच्या बाकावरचे दोघे मान लांब करून तिचा निशाणाचा कागद बघत होते. तिनं तो गुंडाळला आणि डब्यातली पोळीभाजी खाल्ली.

त्या रात्री प्रतापनं तिचा जांभळा खांदा पाहिला. "परत कर ती," तो कळवळून म्हणाला. "काय सिद्ध करायचंय तुला?"

"काही नाही. मला आवडतं," देवयानी म्हणाली. "हे पुरेसं का नाही?"

ती उन्हाळाभर शिकली. सराव बहुतेक एका जुन्या पॉइंट टू-टूवर करायची आणि शेवटी मॅग्नमच्या मोजक्याच गोळ्या झाडायची, म्हणजे भीती अंगात मुरत नाही. सावनी कॉलेजातून फोनवर म्हणाली, "आई, दॅट्स सो वीअर्ड." मंडळाच्या कोजागिरीला तिथल्या ज्येष्ठ शोभाकाकूंनी तिला बाजूला घेतलं. "अगं, चार लोकांत चर्चा होते. शोभतं का या वयात?"

"काकू, चर्चा करणाऱ्यांना माझा नंबर द्या," देवयानी म्हणाली. "मी सगळं नीट सांगेन."

शिकारीच्या सरकारी सोडतीत तिला मादी एल्कचा परवाना मिळाला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उजाडता उजाडता, शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून ती लिंडाबरोबर त्याच डोंगरावर चढली. पातळ बर्फ पडलं होतं. माथ्यावर पोचली तेव्हा छाती धपापत होती, पण हात शांत होते. दरीपलीकडे कळप चरत होता. एक मादी कळपापासून सुटून आडवी उभी राहिली. अंतर दोनशे यार्डांच्या पुढे. देवयानी पालथी झाली, सॅकवर रायफल टेकवली. गोळी कधी सुटली ते तिला कळलं नाही. धक्काही जाणवला नाही. मादी दोन पावलं चालली आणि गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली.

जवळ जाऊन देवयानीनं तिच्या मानेवर हात ठेवला. केस दाट आणि अजून उबदार होते. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. लिंडानं टोपी काढली. मग दोघींनी बाह्या वर केल्या, सुऱ्या काढल्या आणि अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारून मांस पाठीवर वाहून खाली आणलं.

पुढच्या महिन्यात मंडळाचं स्नेहभोजन होतं. कार्यकारिणीतल्या चारुदत्त साठे यांनी फोन करून आडून सुचवलं, "वहिनी, या वेळी मोदकच आणा हं." देवयानीनं मोदक केले. शिवाय मोठ्या पातेल्यात कोल्हापुरी मसाल्याचा तांबडा रस्सा केला, आणि मांसाहारी पदार्थांच्या टेबलावर त्यापुढे ठळक अक्षरात चिठ्ठी लावली: "एल्क. शिकार आणि स्वयंपाक: देवयानी इंगवले."

हॉलमध्ये कुजबुज झाली. शोभाकाकू लांबच्या टेबलावर जाऊन बसल्या. बराच वेळ पातेल्याकडे कुणी फिरकेना. देवयानी त्याच्यामागे हातात डाव घेऊन ताठ उभी राहिली.

मग प्रताप रांगेतून बाहेर आला आणि तिच्यापुढे वाटी धरून उभा राहिला. "जास्त वाढ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.