वहिनीची घरभेट

माझी वहिनी बालसंरक्षण खात्यात. कोणत्या घरात पोराला मार बसतो, कोणाला उपाशी ठेवतात, ते जाऊन बघायचं तिचं काम. साथ आली, लोकांच्या घरी जायला मनाई झाली आणि घरभेटी व्हिडिओ कॉलवर सुरू झाल्या. आमच्याकडे धड कडी लागणारी खोली एकच, बाथरूम. वहिनी सकाळी नऊला आत उलट्या बादलीवर बसायची आणि मी नि दादा टॉवेल घेऊन बाहेर ताटकळायचो.

त्यात एका सात वर्षांच्या मुलीच्या घरचा फोन नऊ दिवस लागेना. तेव्हापासून वहिनीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एकदा जेवता जेवता दादाला म्हणाली, "फ्रिज उघडून दाखवा. खालचा कप्पाही." दादाने मुकाट्याने दाखवला. लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत त्याच्या.

"वहिनी, कोणाशी तरी बोल गं," मी म्हटलं.

"मला काय धाड भरलीये?"

असा राग आला मला!

मग ऑफिसने कर्मचाऱ्यांच्या मानसिक ताणाचा फॉर्म पाठवला. स्वतःबद्दल लिहायची वहिनीला सवयच नाही. तिने आपला नेहमीचा घरभेटीचा फॉर्म भरला: 'सदर महिला बादलीवर बसून असते. चार दिवस केस विंचरलेले नाहीत. नवरा घाबरलेला. नणंद आगाऊ, पण निरुपद्रवी.' आणि हाताच्या सवयीने तो नेहमीच्याच ठिकाणी पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी अकराला कॉल आला. समोर तिचाच सहकारी, ऑफिसात ज्याला सगळे नियमभाऊ म्हणतात.

"केस नोंदली गेलीये, मॅडम. भेट झाल्याशिवाय बंद होत नाही."

"अरे, मी आहे मी! चुकून गेला तो फॉर्म."

"सगळे असंच म्हणतात. फ्रिज दाखवा."

माझी हसून हसून मुरकुंडी वळली. वहिनी फोन धरून घरभर फिरली. फ्रिज झाला, पलंग झाला, बादली झाली.

"निरुपद्रवी नणंद ह्याच का?" त्याने विचारलं. मी नमस्कार केला.

"झोप लागते?"

"लागते की."

नियमभाऊचं पेन थांबलं. "मॅडम, हे उत्तर तुम्ही स्वतः कधी खरं धरलंय?"

वहिनी तिथेच बादलीवर बसली आणि भोकाड पसरून रडली. "ती पोर दिसत नाही रे! तिचं काही बरंवाईट झालं असेल तर?" माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

नियमभाऊने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "दुपारी दोघं जाऊन तिचं दार वाजवू. साहेबांना काय सांगायचं ते मी बघतो." आणि जरा घुटमळून, "मॅडम, माझ्याही नावाचा एक फॉर्म भरा ना."

वहिनीने नाक पुसलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.