टोपीसकट शेंडी

शेंडी डिंकाने चिकटवून गंगापूजन सांगायला निघालेला काशीतला पहिला पुरोहित मी आहे, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

डोक्यावरचे केस चाळिशीतच गेले. शेंडी तेवढी टिच्चून राहिली होती. गेल्या पावसाळ्यात तीही गेली! उलट घाटावर माझ्या शेजारच्या लाकडी चौकीवर बसून पूजा सांगणाऱ्या माझ्या चुलतभावाची, नानाची, शेंडी कमरेपर्यंत रुळते. (बरं, खांद्यापर्यंत. पण तो वागतो कमरेपर्यंत असल्यासारखा.) संकठा घाटावर उतरणारा मराठी यात्रेकरू आधी माझ्याकडे बघतो, मग नानाकडे, आणि तिथेच बसतो. अशात साताऱ्याहून एका जोडप्याचा फोन आला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरी येणारं. या दोघांनी मला कधी पाहिलं मात्र नव्हतं. तेही नानाकडे गेले असते, तर वडिलांच्या फोटोला हार घालायला मला तोंड उरलं नसतं.

मग मला मेव्हणा आठवला. तो बँकेत आहे आणि टोप लावतो. त्याने टोप चिकटवायचा, त्वचेला चालणारा खास डिंक आणून दिला. सोबत तो सोडवायच्या औषधाची बाटली.

"जिजाजी, आधी हाताच्या आतल्या बाजूला जरासा लावून एक दिवस बघा. खाज आली, लाल झालं, तर बिलकुल लावू नका. आणि थर एकदम पातळ! थोडा सुकू द्यायचा, मग चिकटवायचं."

"मला शिकवतोस? जन्मभर लोकांच्या कपाळाला गंध लावतोय मी!"

"आणि काढताना ओढायचं नाही..."

"काढतोय कोण!"

जोडपं यायचं त्या सकाळी मी बायकोच्या, सुधाच्या, वेणीत घालायच्या जुन्या गंगावनाची एक बट कापली. (तिला विचारून. नंतर.) हातावर लावून बघायला दिवस नव्हता आणि पातळ थरावर माझा विश्वास नव्हता. अर्धी ट्यूब डोक्यावर पिळली, बट रोवली. एवढ्यात फोन वाजला, "गुरुजी, आम्ही पायऱ्या उतरतोय!" सुकायला वेळ कुठला? शेंडी नीट बसावी म्हणून वरून टोपी दाबली आणि धावलो.

घाटावर पोचतो तो जोडपं नानाच्या चौकीवर! नाना पळीपंचपात्र मांडत होता.

"अहो, तुमचा गुरुजी मी!"

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही नव्हे. आमच्या मामांनी सांगितलंय, आपल्या गुरुजींचं डोकं आरशासारखं आहे, लांबूनच चकाकतं. मघापासून तेच शोधतोय. हे म्हणाले, तोवर इथे टेका."

ज्या टकलापायी मी एवढा खटाटोप केला, तीच माझी ओळख होती!

"मीच तो!"

"मग टोपी काढा."

मी ऐटीत टोपीला हात घातला. टोपी हलेना. ओढली, तर भुवया वर गेल्या, टोपी तिथेच!

"का गुरु, टोपी उतरत नाही हौ का?" नावेतून मल्लाह ओरडला. "तनी जोर लगावा!"

"जोर लावू नका!" घरी कापलेलं गंगावन बघून मागोमाग निघालेली सुधा पायऱ्यांवरून आली, हातात औषधाची बाटली आणि कापूस. "ओढाल तर कातडी निघेल. माझ्या भाईने दहादा सांगितलंय."

"अगं, नाना संकल्प सोडायला निघालाय!"

"सोडू दे. खाली बसा. आणि नाना भावजी, तो दिवा आधी लांब न्या, हे औषध पेट घेतं."

नानाला स्वतःच्या पूजेतला दिवा उचलून लांब जावं लागलं! (त्या अवस्थेतही मी हे डोळे भरून पाहिलं.) सुधा टोपीच्या कडेला कापसाने औषध लावी, थांबे, एका हाताने कातडी दाबून धरी, दुसऱ्याने टोपी तसूभर सोडवी. भोवती गर्दी जमली. मी ताठ मानेने बसून राहिलो. मान खाली घालायला मी काय चोरी केली होती?

शेवटी टोपी निघाली, आत शेंडी घेऊनच. उन्हात माझं डोकं लख्ख चमकलं.

"हेच ते!" काकू ओरडल्या आणि नवऱ्याला हाताला धरून माझ्या चौकीवर येऊन बसल्या. सुधाने साबणपाण्याने डोकं धुऊन दिलं आणि मी खणखणीत आवाजात पूजा सांगितली.

संध्याकाळी डोक्यावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. मेव्हणा म्हणाला, "हातावर लावून बघितला असता तर?" मी म्हटलं, "मग चट्टा हाताला उठला असता, एवढंच!"

तेव्हापासून मी घाटावर उघड्या डोक्याने बसतो. टोपी चौकीमागच्या खुंटीला असते. कुणी विचारलंच, "गुरुजी, तुम्हाला शेंडी नाही?" तर मी ताठ मानेने त्या टोपीकडे बोट दाखवतो. शेंडी आहे. फक्त शेंडीवालाच गुरुजी हवा असेल, तर तुम्हाला माझ्या टोपीकडून पूजा सांगून घ्यावी लागेल!