विहीर आणि घरमालकांचा विवेक

दारू माणसाचा विवेक नष्ट करते, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. विवेक नष्ट झाल्यावर माणूस किती बरा वागू शकतो, हे मात्र मला प्रताप नगरात राहायला गेल्यावर कळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तिथे तेव्हा घरं तुरळक आणि रिकामे प्लॉट जास्त. मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो ते गृहस्थ निवृत्त तहसीलदार. प्रकृतीच्या कारणावरून त्यांनी दारूचं परमिट काढलं होतं, आणि अंगणात पाणी शिंपडून, आरामखुर्ची टाकून ते रोज संध्याकाळी प्रकृतीची काळजी घेत.

समोरच्या प्लॉटवर झोपडी बांधून एक बाई दोन लेकरांसह राहत होती. बांधकामावर रेती-गिट्टी वाहायची. मे महिन्यात कोपऱ्यावरचा नळ कोरडा पडला, की जवळपास पाणी एकाच ठिकाणी उरायचं: घरमालकांच्या विहिरीत. ती दिवसा मागायला आली की ते छापील मराठीत भूजलाची पातळी आणि खाजगी मालमत्ता यांवर बोलत. खरं कारण त्यांनी कधी उच्चारलं नाही. तिच्या उघड्या दारातून बुद्धाची तसबीर दिसायची, त्यामुळे उच्चारायची गरजही नव्हती.

दुसऱ्या पेल्यानंतर छापील मराठी संपायची.

"ये वं बाई, भर पाणी. तू मले बहिणीसारखी आहेस."

मग ते दोर हातात धरून रडत बसत. बहिणीच्या गरिबीवर, माणसाच्या निष्ठुरपणावर, एकूण जगावर. रडणं आटोपेपर्यंत बहीण पाण्याची रिकामी गुंडी घेऊन उभी. तेवढेच अश्रू ते गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यासाठीही ढाळत. त्या कुत्र्यासाठी मी रडलो नाही म्हणून एकदा त्यांनी मला दगडाच्या काळजाचा ठरवून खोली खाली करायला सांगितलं होतं. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नसे. पत्नीकडून विहिरीचा काठ मात्र ते न चुकता धुवून घेत.

बाईने या करुणेचं वेळापत्रक केव्हाच ओळखलं होतं. कामावरून परतताना ती कुंपणापाशी थांबून मला विचारायची, "भाऊ, साहेबाचं सुरू झालं का?" मी वरून अंगणात डोकावून सांगायचो. लेकरांचं रात्रीचं पिण्याचं पाणी त्यावर ठरायचं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी डॉक्टरांनी घरमालकांना यकृताची भीती घातली आणि त्यांनी दारू सोडली. वस्तीतल्या मंडळाने त्याला नैतिक विजय ठरवलं. त्याच अंगणात सतरंज्या पसरून शाल-श्रीफळ झालं. घरमालक भाषणाला उभे राहिले. दारूने आपल्याकडून काय काय करवून घेतलं ते सांगवत नाही, म्हणाले. आता हरवलेला विवेक परत मिळाला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पत्नीने डोळे पुसले. काठ धुण्यातून सुटल्यामुळेही असेल.

बाई कुंपणाबाहेर गुंडी घेऊन उभी होती. मी मागे कुंपणालगतच बसलो होतो. मला तिने हळूच विचारलं, "कायमची सोडली का गा, भाऊ?"

डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर कायमचीच, मी म्हणालो.

"मंग माह्या लेकरायले पाणी कोन देईन?"

पुढच्या रांगेतल्या एकाने वळून तिला गप्प बसायची खूण केली. आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी लोहार येऊन विहिरीवर लोखंडी जाळी बसवून गेला. तिचं कुलूप पितळेचं होतं.