नाचापुरती इंग्रजी

सायवीनला गाईच्या आजारांपासून समुद्री शेवाळाच्या जातींपर्यंत सगळं आयरिशमध्ये सांगता यायचं. नाच मात्र तिच्या पायांत इंग्रजीतून शिरला होता. पोरवयात ती आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या कॉनमाराहून लंडनला हॉटेलात भांडी घासायला गेली. तिथल्या नाचघरात मॅलकी भेटला. त्याला आयरिशचा गंधही नव्हता. "स्विंग हर!" असं ओरडून त्याने तिला गरागरा फिरवलं, आणि लग्न करूनच थांबला. तो गेल्यावर ती गावी परतली आणि उन्हाळी शाळेत शहरातल्या पोरांना नाच शिकवू लागली.

ही शाळा आयरिश बोलण्यासाठीच. इंग्रजी शब्द निघाला की पोराला घरचा रस्ता. नाचताना सायवीन देत असलेल्या इंग्रजी हाळ्यांकडे मात्र सगळे कानाडोळा करायचे. यंदा बार्टली मुख्याध्यापक झाला.

"नियम म्हणजे नियम, सायवीन. हाळ्यासुद्धा आयरिशमध्येच."

"तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून नाचतेय मी," ती म्हणाली, पण ऐकलं. आत या म्हणजे 'इश्चाख', बाहेर जा म्हणजे 'अमाख', गोल फिरा म्हणजे 'चिंपल'. गुरं हाकताना रोज तोंडात असलेलेच शब्द. पण नाचघरात ते म्हणताना मॅलकीला आपणच घराबाहेर काढल्यासारखं तिला वाटायचं.

मंगळवारी तिच्याच घरी राहणारी शाळेची पोर क्लोडा जिन्यावरून घसरली, इंग्रजीत किंचाळली आणि नियमाप्रमाणे डब्लिनला घरी रवाना झाली. सायवीन तेव्हा गप्प बसली.

गुरुवारी नाच रंगात आला आणि सायवीनच्या तोंडून निघूनच गेलं, "स्विंग हर!"

पेटीवाला थांबला. पोरं टकमक बघू लागली.

"मला नाही बुवा काही ऐकू आलं," बार्टली घाईघाईने म्हणाला.

"पोरीच्या वेळी बरे कान तिखट होते तुझे!" सायवीनने कोट चढवला. "मी चालले घरी. तिला परत बोलावलंस की येईन."

घर शाळेच्या भिंतीपलीकडेच होतं. तिथे ती मॅलकीच्या आठवणीने पोटभर रडली, मग चहा टाकला. इकडे बार्टलीने स्वतःच हाळ्या द्यायला घेतल्या. आत आणि बाहेर यांत त्याचा असा गोंधळ उडाला की चार जोड्या एकमेकांवर आदळल्या. सकाळी त्याने मुकाट्याने डब्लिनला फोन लावला.

शनिवारच्या बसमधून क्लोडा उतरली तेव्हा सायवीन थांब्यावरच उभी होती.

"चल गं," तिने पोरीची बॅग उचलली, "आपल्या दोघींची शिक्षा संपली."