प्रवाळ दाखवणारा वासू

सकाळी पूजेला बसणार, तेवढ्यात हरमलहून मनीषाचा फोन आला. "काका, मामा गेलो..." एवढेच ती बोलली. तिचा मामा म्हणजे वासू, पेडण्याच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा. ती चहा घेऊन गेली तेव्हा तो पडवीतल्या खुर्चीतच गेलेला होता. त्याला आता दीड महिना झाला.

मी शिरगावच्या खाणीवर कारकुनी केली, वासू जहाजावर गेला. दूरच्या बेटांकडे हौशी प्रवासी नेणारे ते जहाज. प्रवाशांना रबरी होडीतून प्रवाळांपाशी न्यायचे, डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे रान दाखवायचे, हे त्याचे काम. वीस वर्षे त्याने परक्यांना ते दाखवले. घरच्या एका माणसाला फेरीवर नेण्याची सोय होती. दर सुट्टीत तो बायकोला, सुमनला म्हणायचा, "फुडल्या वर्षी तुका नेतंय." पण कधी सासूचे आजारपण, कधी घराचे काम... आणि तो समुद्रावर असतानाच एका वर्षी सुमन गेली. तो पोचला तेव्हा बारावेही उरकले होते.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीला त्याने तिच्या जागी, घरचा माणूस म्हणून, मला नेले. मला पोहता येत नाही. मी होडीची कड घट्ट धरून बसलो होतो. "तोंडान श्वास घे. भिया नको, मी आसंय," म्हणत त्याने मला उतरवले आणि शेवटपर्यंत हात सोडला नाही. खाली जांभळी, पिवळी झुडपे, त्यांतून निळ्या माशांचे थवे... भीती कधी गेली, कळलेच नाही. मग एका जागी सगळे पांढरे, हाडांसारखे. वासू तिथेच थांबला. होडीत आल्यावर त्याने काच काढून पुसली. मग म्हणाला, "गेल्या खेपेक हय रंग होतो रे. सुमनाक हीच जागा दाखवूची होती."

नंतर तो हरमलच्या घरी एकटाच राहिला. दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा. शेजारी राहणारी मनीषा जेवण आणून देई. "ये रे एकदा," असा त्याचा दर रविवारी फोन. मी म्हणायचो, गावची जत्रा होऊन जाऊ दे, मग येतो. स्कूटरने दीड तासाचा रस्ता. दोन जत्रा झाल्या... मी गेलो तो बाराव्याला.

पडवीत एक पाटी टांगलेली होती. जहाजावरच्या सवयीने तो रोज उठल्याबरोबर तिच्यावर खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिही, आणि खाली पाणी कसे आहे ते, स्वच्छ की गढूळ. हरमलच्या पाण्यात काच लावून उतरले तरी काय दिसणार? "कोण वाचीत नाय होतो," मनीषा म्हणाली. त्या सकाळीही त्याने लिहिले होते. "पुसूक हात जायना, काका."

मी वाकून वाचले. त्याच्या तिरक्या अक्षरात होते : पाणी गढूळ. उद्या बघू.